चिनी संरक्षकाची कचेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूर, पिनांग आणि मलाक्का या ब्रिटिश वसाहतींमध्ये, म्हणजे स्ट्रेट्स सेटलमेंट्समध्ये, चिनी वस्तीसाठी एक स्वतंत्र सरकारी खातं होतं : चायनीज प्रोटेक्टोरेट. त्याबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची ही उत्तरं. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे जरा किचकट. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'प्रोटेक्टोरेट' म्हणजे संरक्षित राज्य ना? मग हे राज्य कुठे होतं?

राज्य नव्हतंच. इथे या शब्दाचा अर्थ 'संरक्षकाची कचेरी' एवढाच आहे. खात्याचा प्रमुख 'प्रोटेक्टर ऑफ चायनीज', म्हणून खातं प्रोटेक्टोरेट. शेजारची पेराक, सेलांगोर ही मलय राज्यं खरोखरच ब्रिटिश संरक्षणाखाली होती, त्यामुळे एकाच पुस्तकात हा शब्द दोन्ही अर्थांनी येतो आणि वाचकाचा घोटाळा होतो. सोपी खूण अशी, की मागेपुढे 'चायनीज' असेल तर ती कचेरी. ही कचेरी १८७७ मध्ये सिंगापुरात नॉर्थ कॅनॉल रोडवरच्या एका साध्या दुकानघरात सुरू झाली. नव्या मजुरांची नोंद, त्यांचे करार, गुप्त मंडळ्यांची (शपथेने बांधलेल्या चिनी संघटनांची) नोंदणी, बायका-मुलींचं संरक्षण आणि आपसातले तंटे ही तिची कामं.

२. त्याआधी चिनी लोकांचा कारभार कोण बघायचं?

कापितान. वस्तीतलाच एखादा वजनदार व्यापारी निवडायचा, त्याला पद द्यायचं आणि त्याच्या लोकांची जबाबदारी त्याच्यावर टाकायची, ही पद्धत पोर्तुगीज आणि डचांपासूनची. बटाव्हियात (आजच्या जकार्तात) डचांनी १६१९ मध्ये सौ बेंग कोंगला नेमलं. इंग्रजांनी पिनांगमध्ये १७८७ मध्ये को ले ह्वानला नेमलं. आपल्याकडच्या पाटलाशी तुलना करायचा मोह होतो, पण पाटलाकडे वतन असतं. कापितानाची ताकद असायची अफूचे मक्ते, खाणी आणि पाठीशी असलेली मंडळी यांत.

१८२६ च्या न्यायसनदेनंतर स्ट्रेट्समध्ये सर्वांना एकच इंग्रजी कायदा लागू झाला आणि कापितानाचा अधिकार संपला. त्याच्या जागी मात्र कोणीच आलं नाही. न्यायाधीशाला चिनी येत नव्हतं, पोलिसांत बहुतेक मलय आणि हिंदी माणसं. ती पोकळी गुप्त मंडळ्यांनी भरली. मलय राज्यांत कापितान पुढेही राहिले. क्वालालंपूरचा याप आ लॉय १८८५ मध्ये मरेपर्यंत कापितान होता.

३. मग १८७७ मध्येच सरकारला जाग का आली?

१८६७ पर्यंत या वसाहतींचा कारभार कलकत्त्याहून चालायचा आणि कलकत्त्याला चिनी मजुरांच्या प्रश्नात फारसा रस नव्हता. १ एप्रिल १८६७ ला त्या थेट लंडनच्या वसाहत खात्याकडे गेल्या. पेराकमधल्या लारुतच्या कथिलाच्या खाणींवरून घी हिन आणि हाय सान या मंडळ्यांत लढाया पेटल्या, त्या १८७४ च्या पांगकोर करारात मिटवाव्या लागल्या. १८७६ मध्ये चिनी मजुरांच्या हालांची चौकशी करायला समिती बसली. त्याच वर्षी डिसेंबरात पोस्टाची दंगल झाली : सरकारने चिनी पत्रं आणि घरी पाठवायचे पैसे यांच्यासाठी वेगळं उप-डाकघर काढलं, तर आजवर हा धंदा करणाऱ्यांनी भिंतींवर चिठ्ठ्या लावल्या आणि डाकघर चालवणाऱ्यांच्या डोक्यांवर बक्षीस ठेवलं. चिठ्ठ्या चिनीत होत्या. सरकारात त्या वाचू शकणारा गोरा अधिकारी जवळजवळ एकच होता.

४. तो एकच म्हणजे पिकरिंग का?

हो, विल्यम पिकरिंग. तो परीक्षा देऊन आलेला नव्हता. चीनच्या सागरी जकात खात्यात आणि तैवानच्या व्यापारात उमेदीची वर्षं काढलेला माणूस, १८७२ मध्ये सिंगापूर सरकारचा दुभाषी म्हणून आला. मँडरिनशिवाय हॉक्कियन आणि इतर दक्षिणी बोल्याही त्याला येत. आल्याआल्या त्याने सरकारी जाहीरनाम्यांची चिनी भाषांतरं तपासली, तेव्हा त्यांत गोऱ्यांना 'लालकेसे रानटी' आणि पोलिसांना 'मोठे कुत्रे' असं लिहिलेलं सापडलं, असं सांगतात.

लारुतच्या तंट्यात दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांशी बोलायला राज्यपाल अँड्र्यू क्लार्कने त्यालाच पाठवलं. १८७७ मध्ये तो पहिला प्रोटेक्टर झाला. १८ जुलै १८८७ ला एका तिओच्यू (प्रश्न ५) सुताराने कचेरीतच त्याच्यावर कुऱ्हाडीचं पातं फेकलं आणि ते कपाळाला लागलं. त्या जखमेतून तो पुरता सावरला नाही आणि पुढे निवृत्त झाला. लोक कचेरीलासुद्धा 'पी-की-लिन' म्हणायचे, आणि तो गेल्यावरही ते नाव तसंच राहिलं. सिंगापुरात पिकरिंग स्ट्रीट आजही आहे.

५. 'चिनी' येणारा एक दुभाषी पुरत नव्हता का?

नाही, आणि या खात्याची सगळी रचना याच अडचणीतून झाली आहे. सिंगापूरच्या १८८१ च्या जनगणनेत ८६,७६६ चिनी मोजले गेले : हॉक्कियन २४,९८१, तिओच्यू २२,६४४, कँटनी १४,८५३, हाइलाम म्हणजे हायनानचे ८,३१९, खेक म्हणजे हाक्का ६,१७०, आणि तिथेच जन्मलेले बाबा ९,५२७. हॉक्कियन आणि कँटनी यांच्यातलं अंतर मराठी आणि कोकणीएवढं नाही, मराठी आणि बंगालीएवढं धरा. लिपी एक, पण निरक्षर मजुराला तिचा काय उपयोग? बाबा मंडळी घरात मलय बोलायची.

यात गोम अशी होती, की न्यायालयातला दुभाषी ज्या बोलीचा, त्याच बोलीच्या मंडळीचं त्याच्यावर दडपण असायचं, कधी तो स्वतःच सभासद असायचा. साक्ष फिरवायला खोटं बोलावं लागत नाही. 'त्याने मारलं'चं 'त्यांच्यात मारामारी झाली' केलं की काम झालं.

६. कचेरीत नेमकी कोण-कोण माणसं असायची?

वर प्रोटेक्टर आणि असिस्टंट प्रोटेक्टर, दोघेही गोरे. हाताखाली शिकाऊ अधिकारी म्हणजे कॅडेट (प्रश्न ७). पण कचेरी चालायची ती मधल्या फळीवर. बोलीवार दुभाषी वेगळे. चिनी लेखनिक वेगळे, ते अर्ज वाचत, हुकूम चिनीत उतरवत, मोहरेवरची अक्षरं ओळखत. इंग्रजी नोंदवह्या सांभाळणारे कारकून तिसरे. जहाजांवर आणि मजुरांच्या आगारांत जाणारे निरीक्षक चौथे. पुढे मुलींच्या कामासाठी स्त्री निरीक्षकही आल्या.

दुभाषी आणि लेखनिक ही दोन पदं एकच समजू नका. दुभाष्याला तीन बोल्या फाडफाड येत आणि कागद वाचता येत नसे, असं सर्रास व्हायचं. लेखनिक शास्त्री असायचा, पण त्याला इंग्रजीचा गंध नसायचा. म्हणून एकच अर्ज दोन टेबलांवरून जायचा, आणि दोन टेबलं म्हणजे चहापाण्याच्याही दोन जागा.

७. कॅडेट कसे निवडत आणि त्यांना भाषा कशी शिकवत?

कॅडेटची कल्पना हाँगकाँगची, १८६१ ची. तिथे १८६२ मध्ये आलेल्या पहिल्या तिघांतला एक सेसिल क्लेमेंटी स्मिथ, जो पुढे स्ट्रेट्सचा राज्यपाल झाला (प्रश्न ११). १८८२ पासून पूर्वेकडच्या वसाहतींसाठी खुली परीक्षा होती. १८९६ पासून ती आणि आपली आयसीएस यांची परीक्षा एकच झाली. गुणवत्ता यादीत वरचे बहुधा ब्रिटनमधली नोकरी किंवा हिंदुस्थान मागत, त्यानंतरचे पूर्वेकडे वळत.

चिनी शाखेसाठी निवडलेल्याला थेट चीनमध्ये धाडत : हॉक्कियनसाठी अमॉयला (आजच्या श्यामेनला), कँटनीसाठी कँटनला (आजच्या ग्वांगचौला). तिथे खासगी पंतोजी ठेवायचा, दिवसभर बोलणं आणि अक्षरं घोटायची, ठरलेल्या मुदतीत परीक्षा द्यायची. पुढे इतिहासकार म्हणून नाव झालेला व्हिक्टर पर्सेल १९२१ नंतर असाच कँटनला शिकला.

बदल्यांमध्ये मात्र हे सगळं वाया जायचं. अमॉयला हॉक्कियन शिकलेला अधिकारी पेराकच्या किंता खोऱ्यात पाठवला, की तिथल्या कँटनी आणि हाक्का खाणकामगारांपुढे तो पुन्हा मुका. मग सगळी भिस्त परत दुभाष्यावर.

८. चिनी माणूस प्रोटेक्टर होऊ शकत होता का? आणि भारतीय?

दोघांनाही दार बंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्वेकडच्या कॅडेटसाठी 'आई-वडील दोन्हीकडून शुद्ध युरोपीय वंशाचा' अशी अट आली. याचा एक चमत्कारिक परिणाम बघा : परीक्षा तीच असल्यामुळे एखादा हिंदी उमेदवार ती पास होऊन साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर होऊ शकत होता, पण सिंगापुरात कॅडेट नाही. स्ट्रेट्समध्ये आशियाई ब्रिटिश प्रजाजनांसाठी वेगळी, दुय्यम नागरी सेवा १९३० च्या दशकात निघाली.

चिनी व्यापाऱ्यांना मिळाली ती सल्लागाराची जागा. १८८९ मध्ये चायनीज ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झालं आणि त्यात बोलीवार सभासद नेमले गेले. बोर्ड सल्ला द्यायचं, निर्णय प्रोटेक्टरचा.

९. मजुरांचं जहाज बंदराला लागलं की पुढे काय व्हायचं?

१८७७ च्या चिनी स्थलांतर कायद्यानंतरचा क्रम साधारण असा. बोट नांगर टाकते. कोणी उतरण्याआधी प्रोटेक्टोरेटचा अधिकारी दुभाष्यासह चढतो. माणसं दोन गटांत पाडतात : स्वतःचं भाडं भरून आलेले आणि उधारीवर आलेले. पहिल्यांना सोडून देतात. उधारीवाल्यांना परवानाधारक आगारात नेतात. यांना 'सिनखे', म्हणजे नवा पाहुणा, म्हणत. भाडं दलालाने भरलेलं असतं आणि ते फिटेपर्यंत माणूस त्याच्याकडे अडकलेला. ऊसतोडीची उचल आणि मुकादम ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मालक आगारात येऊन दलालाला पैसे देतो आणि माणूस घेतो. पण करार कचेरीत, अधिकाऱ्यासमोर व्हायला हवा. अधिकारी मजुराच्या बोलीत विचारतो : कुठे जायचंय ठाऊक आहे का, काम काय, मजुरी किती, अंगावर किती कर्ज, स्वखुशीने आलास का? मग नोंद आणि सही किंवा अंगठा.

१०. एवढी चौकशी होती, तर फसवणूक कशी काय चालू राहिली?

चौकशी उतरताना व्हायची, पढवणूक निघतानाच झालेली असायची. दक्षिण चीनमधल्या स्वाटो किंवा अमॉय बंदरातून निघण्याआधीच 'साहेबाने विचारलं की हो म्हण' असं माणसाला पढवलेलं असे. दुसरं, जागेचं नाव. सिंगापुरात काम आहे म्हणून आणलेला माणूस सुमात्रातल्या देलीच्या तंबाखूच्या मळ्यात जायचा, म्हणजे डच हद्दीत, आणि तिथे इंग्रजी करारनाम्याची किंमत शून्य. तिसरं, कचेरीपुढे फक्त उधारीवाले येत. दलालाने कागदावर 'भाडं भरलं' दाखवलं की तो माणूस चाळणीतून निसटला. चिनी मजुरांची ही करारपद्धत स्ट्रेट्समध्ये १९१४ मध्ये बंद झाली.

११. सरकारने गुप्त मंडळ्यांची आधी नोंदणी केली आणि नंतर बंदी घातली, असं का?

पिकरिंग आणि पोलीस प्रमुख डनलॉप यांचं म्हणणं असं, की मंडळ्या मोडता येत नाहीत, तर निदान त्यांचे म्होरके माहीत असू द्या. म्हणून पदाधिकाऱ्यांची नावं नोंदवली. दंगा झाला की त्या-त्या म्होरक्याला कचेरीत बोलवायचं आणि शांततेची जबाबदारी त्याच्यावर टाकायची. म्हणजे कापितान पद्धतच, फक्त मागच्या दाराने.

क्लेमेंटी स्मिथला हे पटत नव्हतं. सरकारच्या शेजारी दुसरं सरकार चालू द्यायचं नाही, ही त्याची भूमिका. १८८९ चा सोसायटीज कायदा १८९० पासून अमलात आला : नोंदणी नसेल तर संस्था बेकायदा, आणि धोकादायक मंडळीला नोंदणीच नाही. घी हिनसारख्या मोठ्या मंडळ्या विसर्जित झाल्या, पण माणसं कुठे जाणार? लहान-लहान टोळ्या झाल्या, ज्यांचा म्होरक्या कोण हे आता कोणत्याच वहीत नव्हतं. पिकरिंगची भीती खरी ठरली, असं आमचं मत.

१२. हद्दपारी कोणालाही करता येत होती का?

नाही. परदेशात जन्मलेल्यालाच. वसाहतीत जन्मलेला चिनी हा ब्रिटिश प्रजाजन, त्याला राज्यपालसुद्धा बोटीत बसवून देऊ शकत नव्हता. त्यामुळे जन्म कुठला, हा मुद्दा कचेरीत फार अटीतटीचा व्हायचा : शिक्षा टाळायला पिनांगचा जन्म सांगायचा, आणि चीनमध्ये मालमत्तेचं काम निघालं की गावाकडचा. आपल्याकडच्या तडीपारीशी याची गल्लत करू नका. तडीपार माणूस शेजारच्या जिल्ह्यात राहतो, हद्दपार झालेला परत दिसला तर तुरुंगात जातो.

१३. बायका-मुलींच्या बाबतीत कचेरी काय करायची?

एकट्या आलेल्या बाई-मुलीला जहाजावर वेगळं बसवून विचारपूस व्हायची. संशय आला तर घेऊन जाणाऱ्याकडून जामीन घेत, नाहीतर मुलीला पो ल्युंग कुक या आश्रयगृहात ठेवत. तिथला खर्च आणि कारभार चिनी व्यापाऱ्यांची समिती प्रोटेक्टरच्या देखरेखीखाली पाही. तिथल्या मुलींची लग्नंही समितीच लावी : मुलाचा अर्ज, चौकशी, मुलीची संमती, मग लग्न.

वय हा किचकट भाग. चिनी मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं असतं आणि प्रत्येक नववर्षाला एकेक वर्ष वाढतं. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात जन्मलेली मुलगी काही दिवसांत 'दोन वर्षांची' होते. त्यामुळे 'सोळा' म्हणून लिहिलेली मुलगी आपल्या हिशेबाने चौदाचीही असू शकते. घरकामासाठी विकत घेतलेल्या मुलींना 'मुई त्साय' म्हणत. त्यांच्या नोंदणीचा कायदा व्हायला १९३० चं दशक उजाडलं.

१४. चीनचा वकील, म्हणजे कॉन्सल, असताना वेगळा संरक्षक कशाला?

योगायोग असा, की दोघंही १८७७ चेच. चिंग, म्हणजे चीनच्या बादशाही, सरकारचा सिंगापुरातला पहिला वकील होता होऊ आ की, ऊर्फ व्हाम्पोआ, तिथलाच बडा व्यापारी. वकिलाचा दावा असा, की चिनी माणूस कुठेही गेला तरी चीनचाच. प्रोटेक्टरचं म्हणणं, या बंदरात त्याचा वाली मीच. मजूर हुशार, ज्याच्याकडे काम लवकर होईल त्याच्याकडे जायचा. ही चुरस विसाव्या शतकात राजकीय झाली. कुओमिंतांग या चिनी राष्ट्रवादी पक्षावर आणि चिनी शाळांवर नजर ठेवणं हे कचेरीचं नित्याचं काम बनलं. १९२० मध्ये शाळा नोंदणीचा कायदा आला तो त्यातूनच.

१५. मंदीच्या काळातल्या कोट्याने काय बिघडलं?

ऑगस्ट १९३० पासून चिनी पुरुष मजुरांच्या येण्यावर मासिक कोटा लागला. बायकांना कोटा नव्हता, १९३८ पर्यंत. जहाज कंपन्यांनी लगेच जोडविक्री सुरू केली : कोट्यातलं एक तिकीट हवं असेल तर दलालाने बिनकोट्याची आणखी तीन-चार घ्यायची. ती खपवायला दलाल दक्षिण चीनच्या खेड्यांत बायका शोधत फिरले. पुरुष रोखायला काढलेल्या कायद्याने चिनी कुटुंबं स्थिरावली. हे कोणीच ठरवलेलं नव्हतं.

१६. हाँगकाँगमध्येही हेच खातं होतं का?

काम मिळतंजुळतं, नाव वेगळं. तिथे रजिस्ट्रार जनरललाच १८४६ मध्ये चिनी रहिवाशांचा संरक्षक असा जोड किताब दिला आणि १९१३ मध्ये पदाचं नाव सेक्रेटरी फॉर चायनीज अफेअर्स झालं. दुभाष्याच्या हाती सत्ता गेल्यावर काय होतं, याचं उदाहरण तिथलंच. १८५६ मध्ये या पदावर बसलेला डॅनियल कॉल्डवेल हा भाषेच्या जोरावर वर चढलेला माणूस. चाच्यांच्या हस्तकाशी संबंध असल्याचे आरोप त्याच्यावर झाले आणि शेवटी तो सरकारी नोकरीतून गेला.

१७. महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

खात्याशी थेट नाही, पण आधीच्या काळाशी आहे. कंपनीच्या राज्यात कैद्यांची अदलाबदल चालायची. हिंदुस्थानातले कैदी, मुंबई इलाख्यातलेही, पिनांग-सिंगापूरला जात. तिकडचे चिनी आणि मलय कैदी इकडे येत. महाबळेश्वरचा तुरुंग १८३४ च्या सुमाराचा, तो १८६४ मध्ये बंद झाला. तिथल्या चिनी कैद्यांनी बटाटे आणि भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. चायनामन्स फॉल हे धबधब्याचं नाव त्यांच्या बागांवरूनच पडलं.

१८. खातं बंद कधी झालं?

१९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा कचेरी बुडाली. युद्धानंतर मजुरांचं काम मजूर खात्याकडे गेलं, उरलेलं चिनी व्यवहार सचिवाकडे. हाँगकाँगमध्ये ते पदनाम १९६९ पर्यंत टिकलं.

१९. जुन्या कागदांत माणूस शोधतोय, पण नाव जुळत नाही. काय चुकतंय?

बहुधा बोली. नाव कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं जायचं. एकच आडनाव हॉक्कियन माणसाचं 'तान', कँटनीचं 'चान', हाक्काचं 'चिन', मँडरिनमध्ये 'छन'. सगळ्यात फसवं 'इंग' : हॉक्कियन किंवा तिओच्यू माणूस असेल तर ते मँडरिनमधलं 'हुआंग', कँटनी असेल तर 'वू', म्हणजे अक्षरच वेगळं. कँटनी 'वोंग' आणि पिनांगचा 'ऊई' मात्र बहुधा त्याच 'हुआंग'चे भाऊबंद. म्हणून आधी माणसाची बोली ठरवा, आडनाव मग.

तारखांचं दुसरं दुखणं. चिनी सम्राट क्वांगशूच्या कारकिर्दीचं तिसरं वर्ष म्हणजे १८७७ असं धरतात, पण त्या वर्षाचा बारावा महिना जानेवारी १८७८ मध्ये पडतो. आपला पौष डिसेंबर-जानेवारीत पडून शकाचं गणित चुकवतो, तसंच. रकमांचं तिसरं : १८६७ च्या आधी सरकारी हिशेब रुपयांत आणि बाजार डॉलरांत. स्ट्रेट्सचा डॉलर १९०६ मध्ये दोन शिलिंग चार पेन्सला बांधला गेला, त्याआधी तो चांदीबरोबर खालीवर व्हायचा. दोन वेगळ्या वर्षांचे पगार पौंडात बदलून शेजारी-शेजारी मांडलेत, तर आधी त्या-त्या वर्षाचा भाव तपासा.

कागद हवे असतील तर लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्ट्रेट्सचा पत्रव्यवहार 'सीओ २७३' या मालिकेत आहे, हाँगकाँगचा 'सीओ १२९' मध्ये. १८६७ च्या आधीचं मात्र बहुतेक इंडिया ऑफिसच्या दप्तरात मिळतं.